अभ्यासिकेची सोडत

चिंतामणी घाडीकडे लॉटरीचं तिकीट घ्यायला गेलात, तर तिकिटाबरोबर एक भाषण फुकट मिळतं. नको म्हणालात तरी मिळतं. चिंचपोकळी स्टेशनातून उतरून लालबागकडे चालायला लागलं की एका चाळीच्या जिन्याखाली त्याची टपरी दिसते. लाकडी फळीवर आडव्या दोऱ्या, दोऱ्यांना कपड्यांचे चिमटे आणि चिमट्यांत राज्य लॉटरीची तिकिटं. पूर्वी दोऱ्या कमी पडायच्या, आता अर्धे चिमटे रिकामे असतात. मोबाईलवर बसल्या जागी जुगार खेळता येत असताना कागदाचं तिकीट घेऊन निकालाची वाट बघायला वेळ कुणाला आहे? तरी बहात्तर वर्षांचा हा माणूस सकाळी नऊला फळी लावतो, उदबत्ती ओवाळतो आणि पहिलं गिऱ्हाईक आलं की सुरू होतो.

"हे बघा, जिंकलात तर तुमचं नशीब. हरलात तरी पैसा वाया नाही. मटक्याचा पैसा कुणाच्या खिशात जायचा ते अख्ख्या मुंबईला ठाऊक होतं. म्हणून तर एकोणसत्तर साली सरकारने स्वतःची लॉटरी काढली. पैसा तिजोरीत गेला, तिजोरीतून कुठे रस्त्याला लागला, कुठे शाळेला. तुमच्या पैशाची एक वीट कुठेतरी बसली समजा."

गिऱ्हाईक जरा ऐकणारं निघालं तर गाडी आणखी मागे जाते. फोर्टातला तो पांढऱ्या खांबांचा टाऊन हॉल आहे ना, त्याच्यासाठी दोनशे वर्षांपूर्वी लॉटरी काढली होती, हे त्याला गिरगावातल्या एका ग्रंथालयाच्या क्लार्कने सांगितलं होतं. ते पैसे पुरले नाहीत आणि शेवटी कंपनी सरकारला भर घालावी लागली, हेही क्लार्कने सांगितलं होतं. तेवढं चिंतामणी गाळतो. चीनच्या भिंतीलासुद्धा लॉटरीचा पैसा लागला म्हणतात, असं तो वर ठोकून देतो. खरंखोटं चिनी लोक जाणोत.

या भाषणात एक वाक्य असं आहे की ते आलं की त्याचा आवाज उतरतो. "आणि सोडत सगळ्यांसमोर होते, त्यात काळंबेरं काही नसतं." धंद्याला हे वाक्य लागतंच, टाळून चालत नाही. पण ते म्हणताना तो गिऱ्हाइकाकडे बघत नाही, चिमटे सारखे करत बसतो. बाकीच्या भाषणाचा त्याला अभिमान आहे. या एका वाक्याची त्याला अडतीस वर्षं लाज वाटत आली आहे.

का, ते सांगायचं तर राजेशपासून सुरुवात करावी लागेल. कारण राजेश त्या दिवशी पेढे घेऊन आला नसता, तर ही गोष्ट चिंतामणीबरोबरच गेली असती आणि त्याला ते चाललंही असतं.

राजेश म्हणजे चाळीच्या मंडळाचा आत्ताचा सेक्रेटरी. विमा कंपनीत नोकरीला, चळवळ्या, कामाचा मुलगा. मुलगा म्हणायचं आपलं, पन्नाशीला आलाय. चाळीच्या तळमजल्यावर मंडळाची अभ्यासिका आहे. दहा बाय बाराच्या खोलीत आठ-नऊ माणसं, त्यात कुणाचा रेडिओ, कुणाचं तान्हं मूल. अशा घरांतल्या पोरांना पुस्तक उघडायला चार टेबलं आणि दोन पंखे मिळावेत म्हणून ती सत्त्याऐंशी साली सुरू झाली. राजेश तिथे बसून दहावी झाला, बीकॉम झाला. यंदा आमदार निधीतून तिला नवीन लाद्या, एसी, संगणक असं सगळं आलं होतं.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात त्याने पेढ्यांचा बॉक्स आणून टपरीच्या फळीवर ठेवला.

"काका, एक मेला उद्घाटन फिक्स. आणि नावपण फिक्स झालं. चिंतामणी घाडी अभ्यासिका. पाटी करायला टाकली आज, ग्रॅनाइटची."

चिंतामणीने पेढा हातात घेतला होता तो तसाच राहिला.

"कुणी ठरवलं हे?"

"कमिटीने. म्हणजे विषय काढला अंबिकाकाकींनी. गुडघे धरून दोन जिने उतरून मीटिंगला आल्या. बोलल्या, चिंतामणी दारोदार फिरून कुपनं विकला नसता तर ही खोली झाली नसती. सगळ्यांनी हात वर केले."

"अरे, जिवंत माणसाचं नाव देतात काय कुठे? अपशकुन असतो."

"उलट जिवंतपणी बघून घ्या ना. नंतर फोटोला हार घालून तुम्हाला काय कळणार?" राजेश हसला, एक पेढा स्वतःच तोंडात टाकला आणि ऑफिसला पळाला.

चिंतामणीने तो पेढा कागदात गुंडाळून खिशात ठेवला. त्या दिवशी त्याने कुणालाही भाषण दिलं नाही. एक-दोन जुन्या गिऱ्हाइकांनी तर विचारलंही, तब्येत बरी आहे ना म्हणून. आणि तो मान डोलवत राहिला. डोक्यात एकच घोळत होतं. नाव सुचवलं ते अंबिकावहिनीने. जगात आणखी कुणीही सुचवलं असतं तरी चाललं असतं.

आता ती सोडत सांगतो.

चिंतामणी आधी गिरणीत होता, साचेखात्यात, म्हणजे मागांवर. संप झाला, लांबला, गिरणी गेली. पुष्कळांनी गावची वाट धरली. याने एका एजंटाकडून लॉटरीची तिकिटं उचलली आणि जिन्याखाली बसला. त्याच्या शेजारच्या साच्यावर गुणाजी मेस्त्री असायचा. तो मात्र कणकवलीकडे गेला आणि तिकडेच रमला, इथे बायको अंबिका आणि दोन मुलं ठेवून. मोठी सीमा, धाकटा दीपक. अंबिका साड्यांना हाताने फॉल लावायची, परकर शिवायची, तेही हाताने. डोळे आणि बोटं एवढंच काय ते तिचं भांडवल.

अशा त्या दिवसांत मंडळाने अभ्यासिकेचा घाट घातला. खोली मिळाली, पण टेबलं, दिवे, पंखे कुठून आणायचे? वर्गणी मागायला तोंड नव्हतं, कारण द्यायला कुणाकडे काही नव्हतं. मग अध्यक्ष भिकाजी सावंतांनी दरवर्षीची सोडत यंदा मोठी करायची कल्पना काढली. दोन रुपयांचं कुपन, पहिलं बक्षीस शिलाई मशीन, पायाने चालवायचं, लाकडी टेबलासकट. मशीन परळच्या एका दुकानातून, राहिलं तर पैसे नाहीतर परत, अशा बोलीवर आणून मे महिन्यातल्या पूजेच्या मंडपात मांडलं. बायका येऊन त्याला हात लावून जायच्या.

कुपनं विकायचं काम आपसूक चिंतामणीकडे आलं. लॉटरीवाला तो. त्याने गणेश गल्लीपासून करी रोडपर्यंत पायाचे तुकडे पाडले. आणि त्याची एक खोड होती, तिला गुण म्हणा हवं तर: कोणता आकडा कुणाला विकला ते त्याला तोंडपाठ असायचं. अंबिकेने तर एका कुपनासाठी तीन दिवस घेतले. रोज यायची, पुस्तक चाळायची, हा नको तो नको करायची. शेवटी सहाशे चौतीस घेतलं. "तू हसतोस काय रे," ती म्हणाली होती, "दोन रुपये माझे आहेत."

मंडळाच्या सोडतीची एक रीत होती. ज्याला मोठं बक्षीस लागेल त्याने ते स्टेजवरच मंडळाला परत द्यायचं. सक्ती नव्हती, पण सगळे देत आले होते. देणाऱ्याच्या गळ्यात हार पडायचा, चाळभर नाव व्हायचं आणि बक्षीस दुकानात परत जाऊन कुपनांचे पैसे मंडळाच्या कामाला यायचे. आदल्या वर्षी भिंतीवरचं घड्याळ आग्नेलोला लागलं होतं. आग्नेलो तळमजल्यावर रेडिओ दुरुस्त करायचा, मंडळाला माईक फुकट द्यायचा. त्याने घड्याळ हातात घेतलंसुद्धा नव्हतं, तिथूनच म्हणाला होता, मंडळाला ठेवा.

पण संपानंतर दिवस फिरले होते. भिकाजींना धास्ती वाटत होती की यंदा मशीन ज्याला लागेल तो घरीच घेऊन जाईल. कुपनं अपेक्षेएवढी खपली नव्हती. मशीन गेलं तर दुकानदाराचे पैसे भरता भरता टेबलं आणि पंखे दोन्ही बोंबलणार. सोडतीच्या दिवशी दुपारी त्यांनी चिंतामणीला बाजूला घेतलं.

"पहिल्या चिठ्ठीला काहीही आकडा येऊ दे. तू दोनशे बारा वाच. आग्नेलोचा आहे. त्याच्या बायकोकडे, फ्लॉरेन्सकडे मशीन आहेच, तो परत देणार म्हणजे देणार. त्याला काही सांगायची गरज नाही."

"आणि ज्याचा खरा नंबर येईल त्याचं काय?"

"त्याला कुठे माहीत असणार आपल्याला लागलंय ते? ज्याला कळलंच नाही त्याचं काय गेलं?" भिकाजी तसे लबाड माणूस नव्हते. पदरमोड करून मंडळ चालवलं त्यांनी. "चाळीतली पोरं शिकतील रे. यात तुझं माझं काही आहे का?"

तसं खरंच काही नव्हतं. चिंतामणी हो म्हणाला. त्याने मनाशी फक्त एक ठरवलं: चिठ्ठी उघडायची, पण बघायची नाही. नजर दुसरीकडे ठेवून दोनशे बारा म्हणायचं. कुणाचा आकडा गेला तेच कळलं नाही तर मनाला तरी कशाचं लागणार?

संध्याकाळी मंडप भरला. चिठ्ठ्या डालडाच्या डब्यात. सोडत काढणाऱ्याने बाह्या कोपरापर्यंत दुमडायच्या, चिठ्ठी उघडून वाचायची आणि मग उघडी समोरच्या स्टीलच्या ताटात ठेवायची, कुणालाही येऊन खात्री करता यावी म्हणून. आजवर खात्री करायला कुणी आलं नव्हतं. चिंतामणीने वाचलं म्हणजे झालं, असा लोकांचा विश्वास.

त्याने डब्यात हात घातला, चिठ्ठी काढली, उघडली. आणि बघितली. चार वर्षं दिवसभर आकडे बघणारे डोळे ते, त्यांना न बघायला कुणी शिकवलं होतं? सहाशे चौतीस. कुणाचा आकडा, हे आठवायची गरजही पडली नाही. ती तिसऱ्या रांगेत बसली होती, मांडीवर दीपक, बाजूला सीमा. हातात कुपन. ते ती दोन्ही हातांनी धरून बसली होती.

चिंतामणी माईकवर म्हणाला, "दोनशे बारा."

टाळ्या झाल्या. आग्नेलो उठला, नेहमीसारखा हसत म्हणाला की आमच्याकडे फ्लॉरेन्सचं मशीन आहे, हे मंडळाला. पुन्हा टाळ्या, हार. आणि सहाशे चौतीसची उघडी चिठ्ठी अख्ख्या चाळीसमोर ताटात पडून होती. दुसरं बक्षीस झालं, तिसरं झालं, आभार झाले. कुणीही उठून ताटाशी आलं नाही. त्या अर्ध्या तासात चिंतामणीला घाम फुटला होता तो पकडले जाऊ म्हणून, हे त्याला नंतर आठवायचं आणि त्याची आणखी लाज वाटायची. कारण अंबिकेचा विचार त्या अर्ध्या तासात त्याच्या मनात आला नव्हता. तो आला मंडप रिकामा झाल्यावर, ताट उचलताना. त्याने चिठ्ठीचे तुकडे केले आणि गटारात टाकले.

टेबलं आली, पंखे आले. जूनमध्ये अभ्यासिका सुरू झाली.

पुढल्या वर्षी सोडत काढायला बोलावलं तेव्हा चिंतामणी म्हणाला, डोळ्यांना नीट दिसत नाही. पस्तीस वर्षांचा धडधाकट माणूस, दिवसभर बारीक आकडे वाचणारा. लोकांनी थट्टा केली, त्याने करू दिली. अभ्यासिकेत त्याने कधी पाऊल टाकलं नाही. दरवर्षी दिवाळीच्या बंपरचं एक तिकीट तो अंबिकेच्या नावाने बाजूला काढून ठेवायचा, स्वतःच्या पदरचं, तिला न सांगता. सरकारने तरी आपलं पाप फेडावं, असा त्याचा हिशेब. सरकारला काय पडलंय? एका वर्षी शंभर रुपये लागले. ते कसे द्यावेत, काय म्हणून द्यावेत, हे काही सुचेना. शेवटी त्याने दोन पापलेटं घेतली, बायकोने जास्त आणली म्हणून सांगून अंबिकेच्या दारात ठेवली आणि पळाला. पळाला म्हणजे अक्षरशः, जिना उतरताना चप्पल राहिली.

दीपक अभ्यासिकेत बसून शिकला, बँकेत लागला, आता बदलापूरला असतो. त्याच्याकडे बघून चिंतामणी कित्येक वर्षं मनाची समजूत घालत आला: बघ, तिच्याच पोराला उपयोग झाला की नाही? ही समजूत बऱ्यापैकी टिकली असती. पण रोज सकाळी साडेआठच्या सुमाराला सीमा बादली आणि फडकं घेऊन टपरीवरून जायची. अभ्यासिका झाडायचं-पुसायचं काम मंडळाने तिला दिलं होतं, वीस वर्षं झाली. लग्न मोडून परत आली तेव्हापासून. "काका, आज लवकर?" म्हणायची. चिंतामणी तेव्हा हटकून उदबत्ती शोधत असायचा.

तर अशा माणसाच्या नावाची ग्रॅनाइटची पाटी होणार होती. पहिल्या दिवशी त्याने ठरवलं, गप्प बसायचं. एवढी वर्षं गेली, आणखी किती राहिली? दुसऱ्या दिवशी ठरवलं, आजारी पडायचं. तिसऱ्या दिवशी राजेशने मोबाईलवर पाटीचा फोटो दाखवला. सोनेरी अक्षरं. खाली बारीक अक्षरांत, 'निःस्वार्थ सेवेच्या स्मरणार्थ'.  चिंतामणीने भर दुपारी फळी काढली आणि दोन जिने चढून अंबिकेच्या दारात जाऊन उभा राहिला.

अंबिका खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. गुडघ्यांना तेल लावलेलं, साडी पोटरीपर्यंत. त्याला बघून तिने ती खाली ओढली. आत मोरीत सीमा भांडी घासत होती.

"काय रे, आज दुकान बंद?" अंबिका म्हणाली. "बस. पाटयेचो फोटो बघितलंय मी. बरो आसा."

चिंतामणी बसला नाही. बसलो तर इकडचं तिकडचं बोलून चहा पिऊन परत येऊ, हे त्याला ठाऊक होतं.

"वहिनी, त्या पाटीचंच बोलायला आलोय. सोडतीत मशीन आग्नेलोला लागलं नव्हतं. पहिली चिठ्ठी तुमची निघाली होती. सहाशे चौतीस."

अंबिका त्याच्याकडे बघत राहिली. मोरीतला भांड्यांचा आवाज चालूच होता.

"आणि तू वाचलंस दुसरां."

"हो."

"भिकाजीन सांगितल्यान?"

"सांगितलं त्यांनी. वाचलं मी. तुमची आहे हे बघून वाचलं."

हे शेवटचं वाक्य बोलायचं असं तो ठरवून आला नव्हता. ते बाहेर पडल्यावर मान वर करायची त्याला हिंमत होईना. बहात्तर वर्षांचा माणूस शाळेतल्या पोरासारखा लादीकडे बघत उभा होता. तिने शिव्या घालाव्यात, असं त्याला मनापासून वाटलं. घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

 अंबिकेने पदराने तोंड पुसलं.

"जाऊ दे," ती म्हणाली. "माका लागला असता तरी मी तां परतच दिलां असतां. सगळे देयत. चार माणसांसमोर मी काय मशीन उचलून घराक आणलां असतां? अभ्यासिका झाली मा? मग झाला तर."

चिंतामणीच्या छातीवरचा धोंडा कुणी उचलून बाजूला ठेवावा तसं झालं. परत दिलं असतं. म्हणजे काहीच गेलं नव्हतं. आग्नेलोने दिलं काय आणि हिने दिलं काय, मशीन दुकानातच जाणार होतं. फक्त हार तेवढा हिच्या गळ्यात पडायचा राहिला. त्याचे डोळे भरून आले. आणि सांगायलाही कसंतरी होतं, पण त्या क्षणी त्याला ती पाटीही दिसली, सोनेरी अक्षरांची, आणि ती काही इतकी वाईट वाटली नाही.

मोरीतला नळ बंद झाला. सीमा हात पुसत बाहेर आली.

"आई, खोटं कशाला बोलतेस?"

"तू आत जा गो," अंबिका म्हणाली.

सीमा गेली नाही. ती चिंतामणीकडे वळली. आवाज चढवला नाही तिने. रोज सकाळी "काका, आज लवकर?" विचारायची त्याच आवाजात बोलली.

"सोडतीच्या आधीच्या रविवारी हिने खिडकीखालचं पाण्याचं पिंप हलवलं. रिकामं करून, एकटीने, बाहेर गॅलरीत नेलं. गॅलरीत ठेवलं की लोक पाणी काढून न्यायचे, तरी नेलं. कारण आमच्या घरात उजेड येतो तो फक्त तिथे. मग मला तिथे बसवलं. एवढी जागा पुरेल काय बघ म्हणाली. मी पाय हलवून दाखवले, मशीन चालवतात तसे. आम्ही दोघी हसलो. दीपक पण हसला." तिने हात पुन्हा पुसले. "सोडत झाली त्या दिवशी घरी येऊन तिने ते पिंप परत आत ओढलं. मी धरायला गेले तर म्हणाली, तू नको. जूनमध्ये माझी शाळा बंद झाली, सातवीतून. हाताने फॉल लावायला दोघी लागायच्या. मशीन असतं तर तिला एकटीला जमलं असतं."

सीमाची शाळा सुटली हे चिंतामणीला माहीत होतं. चाळीत सगळ्यांनाच माहीत होतं. संपाच्या तडाख्यात किती पोरींची सुटली, त्यातली ही एक, असंच त्यानेही धरलं होतं. ती सुटली आणि अभ्यासिका उघडली ती एकाच जूनमध्ये, हे त्याने कधी एकापुढे एक मांडून बघितलं नव्हतं. बघितलं नव्हतं म्हणजे बघायचं टाळलं होतं, दुसरं काय?

त्याने अंबिकेकडे पाहिलं. ती नाही म्हणेल, पोरीला झापेल, अशी त्याला अजूनही आशा होती. अंबिका खिडकीबाहेर बघत होती. 

"सीमा, मी कोणत्या तोंडाने तुझी..."

"माफी नको मला, काका. पाटीचं काय करायचं ते तुम्ही बघा. मी काय सांगणार? एकच करा. ही आत्ता बोलली ना, परत दिलं असतं, ते बाहेर कुणाला सांगू नका. ते तुमच्या सोयीचं आहे."

ती पुन्हा मोरीत गेली आणि नळ सोडला.

चिंतामणी जिना उतरून खाली आला. तळमजल्यावर अभ्यासिकेचं दार उघडं होतं. राजेश आत एसी लावणाऱ्या माणसाशी हुज्जत घालत होता. अडतीस वर्षांत पहिल्यांदा चिंतामणीने त्या उंबऱ्याच्या आत पाय टाकला. लाद्या नव्या होत्या, तरी फिनाईलचा वास येत होता. सीमाने सकाळीच पुसल्या असाव्यात.

"राजेश, त्या माणसाला जरा बाहेर पाठव."

माणूस गेल्यावर त्याने उभ्या उभ्याच सांगितलं. भिकाजींचं सांगितलं, पण त्यांच्यावर ढकललं नाही. चिठ्ठी बघितल्याचं सांगितलं. पाटी लावलीस तर एक तारखेला माईकवर हेच सांगेन, असंही सांगितलं. राजेश ऐकताना आधी हसत होता, मग हसायचा थांबला. मग त्याने चांगल्या माणसाने करावं तेच केलं. वाट शोधायला लागला.

"काका, पण चांगल्या कामासाठीच केलं ना तुम्ही? स्वतःसाठी एक रुपया घेतला काय? आणि तेव्हा तर सगळे परतच द्यायचे बक्षीस, मी ऐकलंय. आग्नेलो अंकलनी दिलं, काकींनी पण दिलं असतं. मग फरक काय पडला?"

चिंतामणीचं उत्तर जिभेवर तयार होतं. अंबिकेने स्वतःच्या तोंडाने म्हटलेलं होतं, साक्षीला देवासमोर उभं राहून सांगता आलं असतं. राजेश ते ऐकायला आतुरही होता.

"नाही," चिंतामणी म्हणाला. "तिने ते घरी नेलं असतं. तिने जागा करून ठेवली होती."